वाचकांचे प्रश्न : तिथे खरंच कृष्णविवर आहे का?

प्रश्न : टाळेबंदीच्या दिवसांत बातमी वाचली होती, की नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या एका तारामंडळात दोन तारे आणि एक कृष्णविवर सापडलं. मुलगी आता सातवीत आहे, तिला ते दाखवायचंय. देवगडहून दिसेल का? – एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, तारा दिसेल. कृष्णविवर मात्र तिथे नाही, हे मुलीला आधी सांगा.

त्याचं नाव एचआर ६८१९. मे २०२० मध्ये खगोलशास्त्रज्ञ थॉमस रिव्हिनियस आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या ला सिला इथल्या २.२ मीटर दुर्बिणीच्या नोंदींवरून तो दावा केला होता. एक तारा ४० दिवसांत एक फेरी मारत होता, दुसरा जवळजवळ स्थिर. मग पहिला कोणाभोवती फिरतोय? न दिसणाऱ्या, सूर्याच्या निदान चौपट वस्तुमानाच्या कशाभोवती तरी, असा तो तर्क. स्थिर तारा दूरवरचा तिसरा सोबती. मीही याच सदरात तसंच लिहिलं होतं, म्हणून ही दुरुस्ती मला मनापासून करायची आहे.

फुगडी आठवा. मोठ्या बाईने लहान मुलीबरोबर फुगडी घातली, की बाई जागच्या जागी फिरते आणि पोरगी भलामोठा फेर घेते. इथेही तसंच आहे. एका ताऱ्याने दुसऱ्याचं बाहेरचं आवरण ओढून घेतलं. तो जड झाला, म्हणून स्थिर वाटतो. सोललेला तारा हलका राहिला, म्हणून जोरात फिरतो. ही शक्यता जुलिया बोडेनस्टाइनर यांच्या गटाने मांडली होती. मला सर्वांत भावलं ते पुढचं : दोन्ही गट भांडत बसले नाहीत. अ‍ॅबिगेल फ्रॉस्ट यांच्यासोबत त्यांनी एकत्र नवे वेध घेतले आणि मार्च २०२२ मध्ये निकाल दिला. तारे दोनच, त्यांच्यातलं अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण एक तृतीयांश. मूळ दावा करणारे रिव्हिनियसही त्या निबंधाचे सहलेखक आहेत.

आता बघायचं कसं. जुलैत तो रात्री सोयीच्या वेळी वर असतो, पण तेव्हा आपल्याकडे ढग, म्हणून मेच्या सुरुवातीची, अमावस्येजवळची पहाट धरा, चारच्या सुमाराची. किनाऱ्यावर नको, बोटींचे दिवे त्रास देतात. दक्षिण मोकळी असलेला सडा, म्हणजे कातळाचं पठार, गाठा. धनु राशीच्या किटलीचा बुडाचा उजवा कोपरा म्हणजे कौस ऑस्ट्रेलिस हा तारा. हात लांब करून तिथून एक मूठ खाली अल्फा टेलिस्कोपी हा तारा, आणखी एक मूठ खाली, किंचित उजवीकडे आपला तारा. क्षितिजापासून उंची जेमतेम १७ अंश आणि प्रत ५.४ (हा आकडा जितका मोठा तितका तारा फिका), त्यामुळे नुसत्या डोळ्यांचा भरवसा धरू नका, १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) न्या. वेंगुर्ल्याजवळच्या सड्यावर पहिल्या पहाटे क्षितिजालगतच्या धुरकटात मला तो मिळालाच नव्हता. दुसऱ्या पहाटे सापडला. दोन तारे वेगळे दिसणार नाहीत, एकच निळसर-पांढरा ठिपका दिसेल.

सापडला तर तारीख आणि वेळ मुलीच्या हातून वहीत लिहून घ्या, आणि मलाही कळवा.