बिनकामाची कुर्ली

“ह्येचो उपेग काय, तां माका सांगा.”

खुर्चीत टेकायच्या आधीच आबांनी विचारलं (नाव बदललंय, ओळखू येतील असे तपशीलही) आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला मातीचा उंदीर काढून टेबलावर ठेवला. एसटीतून निवृत्त, वय साठीच्या आसपास. कुडाळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. विणकाम करणारी विचारते, चाळिशीत बासरी धरलेला बँकेतला माणूस विचारतो. पैसे नाहीत, बक्षीस नाही, कुणी मागितलेलं नाही, मग मी वेळ फुकट घालवतोय का?

आबा लहानपणापासून गावातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, लुडबुडत. लोक पाट आणून द्यायला लागले की यांचे पाय तिकडे वळायचे. मूर्तीला हात लावायला कुणी फारसं दिलं नाही. उरलेल्या शाडूच्या ते कुर्ल्या (खेकडे) करत, बांगडे करत, एसटीची गाडी करत. सुकून तडा गेला की भिजवायचं आणि दुसरं काहीतरी करायचं. निवृत्तीपर्यंत असंच चाललं. मग ठाण्याच्या मुलीने इन्स्टाग्रामवर फोटो टाकले आणि चाळीस उंदरांची ऑर्डर आली. अकरा झाले, बाराव्याला हात थांबला. ऑर्डर रद्द करून टाकली, तरी आता साधी कुर्लीही होईना. “हात चलणत नाय.” त्यात घरी त्यांच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं, पालुपद : तेवढ्या वेळात चार नारळ सोलून झाले असते.

नैराश्य तर नाही ना, हे आधी पाहिलं. जेवण ठीक, झोप ठीक, जत्रेत दशावताराला पहाटेपर्यंत बसतात. मग मी एक चूक केली. रोज अर्धा तास माती घ्या आणि वहीत खूण करा, असं सांगितलं. पंधरा दिवसांनी ते वही घेऊन आले. सगळ्या खुणा नीट, वेळच्या वेळी. “ड्युटी लागल्यासारख्या वाटता, मॅडम.” एवढी वर्षं ज्याने लॉगशीट भरली, त्याच्या हातात मी आणखी एक लॉगशीट दिली होती.

तेव्हा त्यांना १९७३ सालचा एक प्रयोग सांगितला. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत तो केला. चित्रं काढायला आपणहून बसणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्क्याचं प्रशस्तिपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा रंग ठेवले, बक्षीस काही नाही. प्रशस्तिपत्राच्या आशेने काढलेली मुलं इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ रंगांपाशी रमली. गंमत अशी की ज्यांना ते अचानक, चित्र झाल्यावर मिळालं, त्यांची आवड कमी झाली नाही. म्हणजे दोष प्रशस्तिपत्राचा नव्हता. ते आधी कबूल केलं, तिथे घोटाळा झाला.

आबा बराच वेळ उंदराकडे बघत राहिले. “म्हणजे बारावो उंदीर माझो नव्हतोच.”

इथे मला एक मोह नेहमी होतो. मातीत हात घातला की मन शांत होतं, असं सांगून माणसाला परत कामाला लावायचं. पण तीही ऑर्डरच; गिऱ्हाईक ठाण्याचं नाही, तब्येतीचं, एवढाच फरक. म्हणून ते टाळलं आणि चतुर्थीचं विचारलं. माटवीसाठी (गणपतीवर रानातली फळं-फुलं बांधतात ती चौकट) रानात कोण जातं?

“मीच. कवंडाळ आणूचा म्हणजे काटे खावचे लागतत.”

“मिळतं काय?”

ते चक्क दुखावले. “देवाचा तां!”

“आणि कवंडळ मधे बांधायचं की कोपऱ्यात, यावरून भावाशी दर वर्षी भांडता, तेही देवासाठी?”

आबा पहिल्यांदा हसले. “तां माझ्यासाठी.”

वहिनींनाही एकदा बोलावलं. त्यांचा हिशेब अगदीच खोटा नव्हता. नारळ कुणीतरी सोलायचेच असतात, आणि ते नेहमी वहिनीच सोलत होत्या. ते काम आबांनी वाटून घेतलं. मुलीला मी एवढंच सुचवलं, की वस्तू होण्याआधी फोटोचा विषय काढू नकोस.

त्यानंतर दोन-तीनदा ते शाडूचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून आणत. आम्ही भलतंच काहीतरी बोलायचो, वडिलांबद्दल, आंबोलीच्या घाटातल्या धुक्यातल्या ड्युटीबद्दल, आणि बोटं खाली आपलं काहीतरी करत असायची. मी विचारत नसे. जाताना ते गोळा पुन्हा एकजीव करून फडक्यात बांधत.

मेच्या शेवटी आले तेव्हा खिशातून एक कुर्ली काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. डोळे बाहेर आलेले, डेंगे उगारलेले. पाय मोजले तर सात.

“आठवा?”

“कोकमाची सोलां खळ्यात हुती, पावस इलो. उठलंय.”