लग्नाचे, पोर्ट्रेटचे फोटो काढणाऱ्यांचे अनुभव कसे असतात? कायम नोकरी सोडून या धंद्यात यावे का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय: वय 24, एमआयडीसीत कायम नोकरी, हप्त्यावर कॅमेरा घेतलाय, दोन मित्रांची प्री-वेडिंग केलीत आणि सगळे 'भारी' म्हणतायत. आधी उत्तर देतो, मग गप्पा मारू. या सीझनला नोकरी सोडू नका. निदान दोन सीझन रजा टाकून कुणाच्या तरी हाताखाली काम करा. मित्राची प्री-वेडिंग आणि बाराशे माणसांचं लग्न यात तालमीतली जोर-बैठक आणि मैदानातली कुस्ती एवढा फरक आहे.

मी कोल्हापूरचा. 2003 साली एका शूटिंगवाल्याचा लाइट धरायला लागलो. हजार वॉटचा हॅलोजन, मागे लांबलचक वायर, आणि काम एकच: तो वळेल तिकडे आपण वळायचं. दिवसाचे 150 रुपये आणि जेवण, तेही शेवटच्या पंगतीला, म्हणजे जिलेबी संपल्यावर. नवरीच्या तोंडावर लाइट जरा जास्त वेळ राहिला की मेकअपला घाम फुटायचा आणि करवल्या माझ्याकडे खाऊ का गिळू असं बघायच्या. तीन वर्षं मी एक फोटो काढला नाही. पण लग्नात पुढच्या मिनिटाला काय होणार हे अंगात भिनलं, आणि आजही मी त्याच्याच जिवावर जेवतोय.

म्हणजे काय ते सांगतो. अंतरपाट दूर होतो तो क्षण दोन-तीन सेकंदांचा. त्याच वेळी बँड वाजतो, शे-दोनशे अक्षता अंगावर येतात, दोन्हीकडचे मामा मागून पुढे सरकतात आणि पन्नास मोबाइल वर जातात. त्या वेळी तुम्ही जागा शोधत असाल तर संपलं. मंगलाष्टका किती होणार हे कुणालाच माहीत नसतं. नवरदेवाच्या आत्यानं स्वतः रचलेली एक असते, शाळेतल्या बाईंची एक असते. म्हणून मोजत बसायचं नाही, कान द्यायचा. भटजींनी 'तदेव लग्नं सुदिनं तदेव' सुरू केलं की आता शेवट आला. मी त्या ओळीला श्वास धरतो. हे कुठल्याही कोर्समध्ये सांगत नाहीत.

आणि हॉलवर पोचलात की आधी भटजींना भेटा. नमस्कार करा, चहा झाला का विचारा, अंतरपाट कोणत्या बाजूला काढणार ते विचारून घ्या. ही मस्करी नाही. माझं स्वतः घेतलेलं चौथं की पाचवं लग्न असेल. हळदीला रात्री उशीर झाला, फ्लॅशचे सेल बदलायचे राहिले. 'शुभ मंगल सावधान' झालं, अंतरपाट निघाला, मी बटण दाबलं आणि फ्लॅश पडलाच नाही. सेल थकलेले, फ्लॅश चार्ज होत होता. स्क्रीनवर काळपट सावल्या. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. भटजींनी माझं तोंड बघितलं आणि ओळखलं. हार घालून झाले, अर्धा हॉल जेवायला पळाला, तेव्हा त्यांनी गुपचूप दोघांना परत समोरासमोर उभं केलं, अंतरपाट धरला आणि म्हणाले, 'हां, काढा आता. पण मंतर म्हणणार नाही हं, परत लग्न लागंल.' नवरी खळखळून हसली. अल्बमच्या पहिल्या पानावर तो हसतानाचा फोटो आहे आणि सगळे पाव्हणे विचारतात, एवढं छान कसं हसली. नीट बघितलं तर मागे लोक पत्रावळीवर बसलेले दिसतात.

तेव्हापासून खिशात सेलचे दोन सेट असतात आणि एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो घेणारा कॅमेरा असल्याशिवाय मी लग्नाला उभा राहत नाही. तुम्ही घेतलेल्या मॉडेलला कार्डाचा एकच स्लॉट, म्हणजे खाच, आहे. प्री-वेडिंगला चालतं, कार्ड गेलं तर पुन्हा पन्हाळ्यावर जाता येतं. लग्न पुन्हा लावता येत नाही, भटजी कितीही चांगले असले तरी.

उजेडाचं थोडं. कापडी मांडवात दुपारी मांडवाचाच रंग चेहऱ्यावर उतरतो. गुलाबी कापड असेल तर सगळं वऱ्हाड उन्हानं भाजल्यासारखं दिसतं, पिवळं असेल तर कावीळ झाल्यासारखं, आणि हळदीच्या दिवशी तर पिवळ्यावर पिवळं. हे नंतर कॉम्प्युटरवर पूर्ण सुटत नाही. नवरीला मांडवाच्या कडेला, उघड्या आभाळाकडे तोंड करून बसवायला सांगा. हॉलमध्ये एलईडी दिवे असले की फोटोत आडवे पट्टे येतात. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातल्या दिव्यांचा उजेड सेकंदाला 100 वेळा वरखाली होतो. शटर, म्हणजे फोटो घेताना कॅमेऱ्याची झडप जेवढा वेळ उघडी राहते ते, 1/100 किंवा 1/50 सेकंद ठेवलं की बहुतेक पट्टे जातात. नव्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्याचं बिनआवाजाचं सायलेंट शटर तिथं मुळीच वापरू नका, पट्टे वाढतात. स्टेजमागच्या एलईडी वॉलचं गणित आणखी वेगळं, ते त्या त्या हॉलवर आधी जाऊनच बघावं लागतं.

म्हणून मी मुहूर्ताच्या दीड तास आधी जातो. उजेड तपासायला समोर कुणीतरी चेहरा लागतो, आणि त्या वेळी हॉलमध्ये कोण असतं? नवरी पार्लरमध्ये, नवरदेव देवळात, पोरं डीजेपाशी. पंख्याखालची खुर्ची धरून बसलेल्या म्हाताऱ्या बायका तेवढ्या असतात. एसटीनं सकाळीच आलेल्या, मांडीवर पिशवी, पिशवीत आहेराचं पातळ. 'आजी, जरा इकडं बघा' म्हटलं की 'माझा कशाला काढतोस बाबा, नवरीचा काढ' म्हणतात आणि पदर सारखा करून बघतात. असे दहा-बारा फोटो माझ्याकडे प्रत्येक लग्नाचे व्हायचे. 'टेस्ट' नावाच्या फोल्डरमध्ये जायचे, घरच्यांना डेटा, म्हणजे फोटोंच्या फायली, दिला की मी ते उडवून टाकायचो.

2019 च्या पावसाळ्यात एक जण दुकानात आला. वडील होते त्याच्याबरोबर, बोलत नव्हते. आई जाऊन चार दिवस झाले होते, फोटो हवा होता. मोबाइलमधले सगळे फोटो घरातले, स्वयंपाकघरातले, अर्धा चेहरा कापलेले. आधार कार्डावरचा फोटो मोठा केला तर ओळखू येईना. म्हणाला, 'तुम्ही आमच्या मावसभावाचं लग्न केलं होतं मे महिन्यात, त्यात कुठं असंल काय?' अल्बममध्ये त्याच्या आई दोन ठिकाणी दिसत होत्या, दोन्हीकडे कुणाच्या तरी खांद्यामागे. मग टेस्टचं फोल्डर आठवलं. केवळ आळसामुळे ते अजून उडवलं नव्हतं. तिसऱ्या फोटोत त्या होत्या, खिडकीकडून उजेड, चष्मा हातात, काहीतरी विचारायला तोंड उघडतायत. वडिलांनी स्क्रीनजवळ येऊन बघितलं आणि पहिल्यांदा बोलले, 'चष्मा घालायला लावायचा होतास की रं.' चष्म्याशिवाय त्यांनी तिला कधी बघितलंच नव्हतं म्हणे. मी तोच फोटो दिला. तेव्हापासून टेस्ट फोल्डर मी उडवत नाही, त्यासाठी वेगळी हार्ड डिस्क आहे.

पैशाचं विचारलंय तुम्ही. सीझन तुळशीच्या लग्नानंतर उघडतो, चातुर्मास लागला की मंदावतो. मोठ्या तिथीला एका दिवशी चार ऑर्डरी येतात आणि मधले पंधरा दिवस हात चोळत बसायचं. तुमचा हप्ता मात्र दर महिन्याला कापला जाणार. कामाचा नियम एकच सांगतो: एक भाग ॲडव्हान्स, एक भाग लग्नाच्या दिवशी, उरलेले डेटा देण्याआधी. 'अल्बम झाल्यावर बघू' याला हो म्हणालात की मेलात, कारण अल्बमसाठी फोटो घरच्यांनी निवडून द्यायचे असतात आणि ते सिलेक्शन येतच नाही. नवरीला सासूचे फोटो कमी करायचे असतात, सासूला मोजून माहेरचे. एका घरी मी बारशाची ऑर्डर घ्यायला गेलो तेव्हा लग्नाचं सिलेक्शन हातात पडलं. नात्यातल्या लग्नाचं तर विचारूच नका. तिथं पैसे मिळत नाहीत आणि 'जेवलास का?' विचारायलाही कुणी येत नाही, घरचाच ना!

प्री-वेडिंगसाठी आमच्याकडे सगळ्यांना खिद्रापूर हवं असतं. कोपेश्वराचं देऊळ, स्वर्गमंडपाचे 48 खांब, वर गोल उघडं आभाळ. जागा आहेच तशी. पण ते पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे, रिफ्लेक्टर (उजेड चेहऱ्यावर परतवणारा पडदा) आणि कपड्यांच्या बॅगा घेऊन थेट घुसता येत नाही, परवानगीचं आधी बघा. दुसरं, दुपारी तिथं मधोमध उभं केलंत तर उजेड डोक्यावरून सरळ खाली येतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. जोडीला दोन खांब मागे सरकवा, तोंड मध्याकडे. तिथला दगडच मऊ उजेड देतो, रिफ्लेक्टर लागत नाही. ड्रोनच्या बाबतीत सांगायचं तर उजळाईवाडीचा विमानतळ शहराला लागून आहे, तेव्हा मंगल कार्यालय ड्रोन उडवायला मोकळ्या झोनमध्ये येतं की बंदीच्या, हे बघितल्याशिवाय ऑर्डर कबूल करू नका.

पोर्ट्रेटवर पोट भरत नाही, निदान आमच्या गावात. पासपोर्ट फोटो हेच आमचं पोर्ट्रेट. पण शिकायला तालमीत गेलो होतो, ते सांगतो. आत अंधार, वर एखादा झरोका, खाली ताक, हळद, तेल मुरवलेली तांबडी माती. कॅमेरा दिसला की पैलवान छाती फुगवतो, दंड दाखवतो, आणि फोटो दुकानाच्या बोर्डासारखा येतो. दोन दिवस मी नुसता बसलो. तिसऱ्या दिवशी एक पोरगा जोर मारून भिंतीला टेकला, कानात गेलेली माती करंगळीनं काढायला लागला. कान पार चपटा झालेला, वय असेल सतरा. तो फोटो मिळाला. वस्तादांना दाखवला तर म्हणाले, 'ह्यात बॉडी कुठाय?' पुढचे चार दिवस सगळ्यांचे बॉडीचे फोटो काढून दिले तेव्हा कुठं माझा हिशेब मिटला.

आता कार्यक्रमांचं. केशवराव भोसले नाट्यगृहात मी बरीच वर्षं नाटकं, स्पर्धा, गाण्याचे कार्यक्रम काढले. मानधन कधी मिळायचं, कधी नुसता पास. तिथं दोस्ती करायची ती लाइटवाल्याशी. अंधार कुठल्या वाक्याला होणार, स्पॉट कुठं पडणार हे त्यालाच माहीत. फ्लॅश अर्थातच बंद, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, 3200 वर, भिंग पूर्ण उघडं, आणि चेहऱ्यावरचा उजेड मोजायचा, मागचा काळोख काळाच राहू द्यायचा. इथं सायलेंट शटर म्हणजे वरदान. पूर्वी माझ्या खटखटीनं पहिल्या रांगेतले लोक मागं वळून बघायचे.

शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभारलेलं ते थिएटर, तेव्हाचं पॅलेस थिएटर. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी ज्यांचं नाव थिएटरला आहे त्या गायक-नट केशवरावांची जयंती होती. मी रात्रीच शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. कॅमेरा बॅगेत होता, काढला नाही. बाकी अर्धं गाव मोबाइल घेऊन काढतच होतं.

नंतर ओळखीतल्या एका नाटकवाल्यानं विचारलं, आतले फोटो आहेत का तुझ्याकडे, नाटकाचे नकोत, नाट्यगृहाचे. मी आरामात हो म्हणालो, इतकी वर्षं तिथंच तर पडलेला असायचो. घरी येऊन डिस्का उघडल्या. शेकडो नाटकांचे चेहरे, हात, घाम, आणि प्रत्येकाच्या मागे काळं. मीच काळं ठेवलेलं. छत नाही, बाल्कनी नाही, खुर्च्या नाहीत. दोन रात्री शोधल्यावर टेस्टच्या डिस्कमध्ये अकरा फोटो निघाले. पडदा उघडायच्या आधी उजेड बघायला काढलेले, बहुतेक तिरके. रिकाम्या रांगा, बाल्कनीचा एक कोपरा, आणि एकात झाडलोट करणारे मामा तिसऱ्या रांगेत खराटा टेकवून चहा पितायत. अकराच्या अकरा पाठवून दिले, जरासुद्धा सरळ न करता.

एवढं सगळं वाचूनही यायचंच असेल, तर तुळशीच्या लग्नानंतरच्या दोन मोठ्या तिथींना मला एक माणूस कमी पडतोय. लाइट धरावा लागेल. आता एलईडी असतो, हाताला चटके बसत नाहीत. जेवण अजूनही शेवटच्या पंगतीलाच.