‘पोल टॅक्स’ म्हणजे ‘मतदान कर’ का?

अमेरिकेतील मताधिकाराच्या चालू वादांवरील एका मराठी लेखात ‘पोल टॅक्स’साठी ‘मतदान कर’ हा शब्द वाचून तो बरोबर आहे का, असे एका स्नेह्यांनी विचारले आहे. माझ्या मते तो चूक आहे, पण ती चूक अमेरिकेच्या इतिहासानेच घडवली आहे, म्हणून तिला हसू नये.

इंग्रजीत ‘पोल’चा जुना अर्थ डोके. (बेडकाच्या पिल्लाला ‘टॅडपोल’ म्हणतात, त्यातला पोल हाच, त्या पिल्लात डोक्याखेरीज फारसे काही दिसतही नाही.) डोकी मोजून कौल घेत, म्हणून पुढे त्याच शब्दाला मतदानाचा अर्थ चिकटला. कराच्या नावात मात्र जुनाच अर्थ आहे: ऐपत न पाहता माणशी सारखाच घेतला जाणारा कर. मराठीत याला ‘डोईपट्टी’ हा नेमका शब्द आहे, आणि ‘दरडोई उत्पन्न’ व ‘शिरगणती’ सहज समजणाऱ्या वाचकाला तो अडणार नाही. थॅचर सरकारने ब्रिटनमध्ये आणलेल्या ज्या करावरून १९९० साली लंडनमध्ये दंगल झाली, त्यालाही लोक पोल टॅक्सच म्हणत. तिथे ‘मतदान कर’ लिहिले तर वाचकाची पुरती दिशाभूल होईल.

अमेरिकेच्या दक्षिणेत गुंता झाला तो असा. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीमुळे वर्णाच्या कारणावरून मत नाकारता येईना, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील राज्यांनी ही डोईपट्टी मताधिकाराची अट करून टाकली. टेक्सासमध्ये दीड-पावणेदोन डॉलर ३१ जानेवारीच्या आत भरून पावती जपून ठेवावी लागे, आणि अध्यक्षीय निवडणूक असे नोव्हेंबरात. अलाबामाच्या १९०१ च्या राज्यघटनेनुसार थकबाकी साचत जाऊन ३६ डॉलरपर्यंत पोहोचू शके. अर्धेलीने जमीन कसणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम झेपणारी नव्हती. मिसिसिपीच्या राज्यघटनेने तर या पट्टीच्या वसुलीसाठी फौजदारी कारवाई करण्यासच मनाई केली होती. जो कर वसूल व्हावा अशी सरकारचीच इच्छा नाही, त्याचा उद्देश वेगळा सांगायला नको. कृष्णवर्णीयांबरोबर गरीब गोरेही यात बाहेर पडले. १९६४ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने संघराज्याच्या निवडणुकांपुरती आणि १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने राज्यांच्या निवडणुकांतूनही ही अट गेली.

आजच्या राजकारणात हा शब्द आरोप म्हणून येतो. मतदानासाठी ओळखपत्र सक्तीचे करणाऱ्या टेक्सासच्या कायद्याला अमेरिकेचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल (केंद्र सरकारचे सर्वोच्च कायदा अधिकारी) एरिक होल्डर यांनी २०१२ मध्ये जाहीर भाषणात पोल टॅक्स म्हटले, कारण ओळखपत्र फुकट असले तरी त्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांना पैसे पडतात. फ्लोरिडाचे प्रकरण शब्दप्रेमींनी मुद्दाम पाहावे असे आहे. तेथील मतदारांनी २०१८ मध्ये शिक्षा भोगून आलेल्या बहुतेक गुन्हेगारांना मताधिकार परत दिला. २०१९ च्या कायद्याने हा अधिकार मिळण्याआधी दंड आणि न्यायालयीन शुल्क चुकते करण्याची अट घातली. चोविसाव्या घटनादुरुस्तीत ‘पोल टॅक्स किंवा अन्य कर’ असे शब्द आहेत, म्हणून सगळा वाद शुल्काला ‘कर’ म्हणायचे की नाही यावर आला. २०२० च्या मे महिन्यात जिल्हा न्यायाधीशांनी शुल्काला कर मानले. सप्टेंबरात अपील न्यायालयाने ते शिक्षेचाच भाग ठरवून निकाल फिरवला.

साम्य आहे ते कागद आणि पैसा मतपेटीच्या आड येण्यात, आणि ते मला खरे वाटते. पण जुनी डोईपट्टी नावाने आणि कायद्याने करच होती, तर आजच्या शुल्काला तसे म्हणणे हा वादातल्या एका बाजूचा दावा आहे. ‘मतदान कर’ लिहिले की हा भेद पुसला जातो आणि टेक्सासमध्ये आज मत द्यायला खरोखरच कर पडतो असे वाचकाला वाटते. म्हणून १९६६ पूर्वीच्या संदर्भात ‘डोईपट्टी’ किंवा ‘मताधिकारासाठी सक्तीची डोईपट्टी’ लिहावे. आजच्या बातमीत ‘ही नवी डोईपट्टीच आहे, असे होल्डर म्हणाले’ अशी रचना करावी, आणि त्यातला ‘असे होल्डर म्हणाले’ हा भाग जागेअभावी कापू नये.