लिनक्सवाली माणसं गाडीने फिरायला निघाली तरी लॅपटॉप सोबत का नेतात? त्याचा खरंच काही उपयोग होतो की नुसती हौस?

बारा आणे हौस, चार आणे उपयोग. (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, कुणालाही मोफत घेता आणि बदलता येणारी ऑपरेटिंग सिस्टिम.) प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमचा मित्र गोव्याच्या वाटेवर ढाब्यावर बसूनसुद्धा काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप करत असतो आणि तोवर बाकीच्यांची जेवणं उरकतात. त्या मित्राची बाजू मी घेणार नाही. जेवताना लॅपटॉप बंदच पाहिजे. पण त्या चार आण्यांबद्दल सांगण्यासारखं बरंच आहे.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडून कोकणात उतरायचं म्हणजे घाट आलाच. आंबा, गगनबावड्याचे करूळ आणि भुईबावडा, फोंडा, आंबोली, सोय बघून कुठलाही धरा. सह्याद्रीची कड जवळ आली की फोनवरच्या काड्या एकेक करत कमी होतात आणि घाटात शिरल्यावर बऱ्याच ठिकाणी उरतच नाहीत. मग गाडीत ओरडा सुरू होतो, 'जीपीएस गेलं, जीपीएस गेलं.' जीपीएस कुठंही गेलेलं नसतं. उपग्रहांचे सिग्नल फोन थेट आकाशातून पकडतो, त्याला रेंज लागत नाही. जातो तो नकाशा, कारण तो तुमच्याकडे कधी नव्हताच. जेवढा रस्ता समोर येईल तेवढा तुकडा दुसऱ्याच्या सर्व्हरवरून मागवला जात होता. गाणी थांबतात तीही त्याच कारणाने, आणि हॉटेलचा पत्ता फोनमधल्या ज्या ऑनलाइन वहीत लिहून ठेवला होता ती वहीसुद्धा गोल गोल फिरत बसते.

लिनक्स वापरणाऱ्याला हा त्रास कमी होतो. त्यात हुशारीचा भाग फारसा नाही, सवयीचा आहे. प्रोग्राम आपल्या डिस्कवर, माहिती आपल्या डिस्कवर, आणि फाइल अशी की ती उद्या दुसऱ्या कुठल्याही प्रोग्राममध्ये उघडेल. नकाशाचंच बघा. ओपनस्ट्रीटमॅप हा प्रकल्प २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्टने सुरू केला. जगभरातली हौशी माणसं तो नकाशा काढतात आणि त्याचा सगळा डेटा कुणालाही उतरवून घेता येतो. पश्चिम भारताचा डेटा एका फाइलमध्ये मिळतो. मी फोनवर हा नकाशा नेटशिवाय दाखवणारं ऑरगॅनिक मॅप्स ठेवतो (ऑसमअँडही चांगलं आहे, पण त्यातल्या सेटिंगच्या जंगलात नवा माणूस हरवतो) आणि लॅपटॉपवर वाट आखायला क्यूमॅपशॅक. आदल्या रात्री मोठ्या पडद्यावर वाट आखायची, त्या वाटेची जीपीएक्स फाइल फोनमध्ये टाकायची, झालं. दिवसभर फोन एअरप्लेन मोडवर असला तरी गाडी कुठे आहे ते बरोबर दिसतं.

आता यातली खोट. उतरवलेला नकाशा हा ज्या दिवशी उतरवला त्या दिवसाचा असतो. २०२४ मध्ये करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद ठेवला होता आणि वाहतूक भुईबावड्याने वळवली होती. ज्यांच्या फोनमध्ये जुना नकाशा, त्यांना तो खुशाल करूळनेच पाठवणार. पुढे ट्रॅफिक किती आहे हेही त्याला कळत नाही. त्यामुळे निघण्याआधी गगनबावड्याला एखाद्या टपरीवर चहा घेऊन विचारायची पद्धत अजून मोडीत निघालेली नाही, आणि निघूही नये.

पण मला ओपनस्ट्रीटमॅप आवडतो त्याचं खरं कारण आमचे बंधारे. के. टी. वेअर हे नाव तुम्ही ऐकलं असेल, त्यातलं के. टी. म्हणजे कोल्हापूर टाइप. नदीत ओळीने दगडी खांब, खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवायचे आणि पाणी अडवायचं. वरून माणसं जातात, सायकली जातात, मोटारसायकली जातात, रुंदी असेल तिथे चारचाकीही जाते. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढतात. पूर आला की बंधारा अख्खा पाण्याखाली. जुलैमध्ये इथल्या पेपरात पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची रोज यादी येते: राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथं शाळेतली पोरंही सांगतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर बंधारे सोडाच, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच पाण्यात होता.

आणि वाट शोधणाऱ्या प्रोग्रामला हे काहीच ठाऊक नसतं. त्याला दिसते एक रेघ, नदीच्या या काठावरून त्या काठावर जाणारी, पुलाच्या वाटेपेक्षा बरीच जवळची. तो भर पावसात तुम्हाला तिथे नेऊन उभा करतो. बाहेरगावची गाडी बंधाऱ्याच्या तोंडाशी थांबलेली आणि ड्रायव्हर फोनकडे बघतोय, असं चित्र पावसाळ्यात दिसतंच. कंपनीच्या बंद नकाशात तुम्ही फार तर तक्रार नोंदवू शकता, पुढचं त्यांच्या मर्जीवर. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये ती रेघ मी स्वतः बदलू शकतो. हा बंधारा आहे, रुंदी एवढी, पावसाळ्यात पाण्याखाली जातो, अमुक महिने वाहनांना बंद, असं सगळं लिहायला त्यात जागा आहे.

त्यासाठी लॅपटॉप लागतो. जेओएसएम नावाचा प्रोग्राम आहे, दिसायला अगदी जुनाट, पण नकाशा दुरुस्त करायला त्याच्यासारखा दुसरा नाही. घरून निघताना त्या भागाचा डेटा उतरवून घ्यायचा, दिवसभरात जे बघितलं ते रात्री मुक्कामावर नेटशिवाय नोंदवायचं आणि रेंजमध्ये आल्यावर चढवायचं. फोनवरूनही छोट्या दुरुस्त्या होतात. पण पंचवीस वळणांचा वाडीचा रस्ता बोटाने काढून बघा, मग कळेल लॅपटॉप का नेतात ते.

एकदा कुंभी नदीच्या बाजूला असाच एका बंधाऱ्यावर थांबलो होतो. सोबत उद्यमनगरातला मित्र, लेथवाला. (त्याच्या वर्कशॉपमधलं जुनं मिलिंग मशीन लिनक्ससीएनसी या यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रामवर चालतं आणि तरी तो स्वतःला लिनक्सवाला म्हणवून घेत नाही.) काठावर एक आजोबा म्हशी धूत होते. मी पाय मोजत बंधाऱ्याची रुंदी घेत होतो, ते बघून त्यांना वाटलं सर्व्हेवाले आले, रस्ता होणार. तसं नाही म्हटल्यावर चेहरा जरा पडलाच. मी विचारलं, "आजोबा, पावसाळ्यात किती दिवस बंद असतो हा?"

"दिवस कुठलं मोजालायस? बरगं काढलं की वाट संपली म्हणायचं. दसरा झाल्यावर ये."

मित्र म्हणाला, "हेच घाल की तुझ्या त्या डब्यात. दसरा झाल्यावर ये."

नकाशाच्या खान्यात दसरा चालत नाही, महिने लागतात. जून ते ऑक्टोबर असं घातलं, आणि शेजारच्या टिपेच्या खान्यात आजोबांचं वाक्य मराठीत जसंच्या तसं. संगणक ते वाचणार नाही, पण पुढे जो कोणी ही रेघ दुरुस्त करायला बसेल तो वाचेल.

फोटोंचं थोडक्यात सांगतो, कारण यात प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. माझ्या कॅमेऱ्यात जीपीएस नाही. फोन दिवसभर प्रवासाचा ट्रॅक नोंदवतो आणि रात्री एक्झिफटूल हा प्रोग्राम फोटोची वेळ त्या ट्रॅकशी जुळवून प्रत्येक फोटोत जागा लिहून टाकतो. यात घोटाळा होतो तो कॅमेऱ्याच्या घड्याळामुळे, ते कधीच बरोबर नसतं. म्हणून निघताना फोनच्या पडद्यावरच्या घड्याळाचा, सेकंदासकट, एक फोटो काढून ठेवायचा. फोटोत दिसणारी वेळ आणि कॅमेऱ्याने नोंदवलेली वेळ यातला फरक प्रोग्रामला सांगितला की अख्ख्या दिवसाचे फोटो एका फटक्यात सरळ होतात. हे सगळं मी एका छोट्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ हुकूम लिहिलेल्या फाइलमध्ये, बांधून ठेवलंय. कार्ड घातलं की फोटो उतरतात, तारखेच्या फोल्डरमध्ये जातात, दुसऱ्या डिस्कवर त्यांची प्रत होते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरल्या पातळीला आलं की कुणी बटण न दाबता उघडतात, तसं. मी तोवर आंघोळ करून येतो. तुमचा मित्र ढाब्यावर टाइप करत बसतो म्हणजे त्याने अजून स्क्रिप्ट लिहिलेली दिसत नाही.

असे छोटे छोटे प्रोग्राम एकमेकांना जोडून काम काढायची रीत लिनक्सची स्वतःची नव्हे. ती युनिक्स या लिनक्सच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमची. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत १९६९ साली युनिक्सला हात घातला आणि एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्याच्या तोंडी देणारा 'पाइप' त्यात १९७३ मध्ये आला, तिथल्याच डग मॅकिलरॉयच्या आग्रहाने. पन्नास वर्षं उलटली, आणि माझे फोटो त्याच पाइपातून जातात.

आता तुमच्या 'नुसती हौस' या शब्दांकडे येतो, कारण ते मला जरा लागले. २५ ऑगस्ट १९९१ ला लिनस टोरव्हाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने जाहीर केलं की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवतोय, नुसती हौस म्हणून, मोठं काही होणार नाही. तीच पुढे लिनक्स झाली. आज जगातले सगळ्यात वेगवान पाचशे सुपरकॉम्प्युटर लिनक्सवर चालतात, आणि ही स्थिती नोव्हेंबर २०१७ पासून आहे. अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचंच कर्नल, म्हणजे गाभा, आहे. म्हणजे तुमच्या खिशात अँड्रॉइड फोन असेल तर ढाब्यावर लिनक्स घेऊन तुम्हीही बसलेला होता. फरक एवढाच की तुमच्या मित्राला त्याचं झाकण उघडायची मुभा आहे आणि तुमच्या फोनचं झाकण कंपनीने लावून टाकलंय. ओपनस्ट्रीटमॅपही हौसेतूनच आलं. पगारावर कुणी माणूस त्या बंधाऱ्यावर पाय मोजायला गेला नसता.

लॅपटॉप महागडा नेऊ नका. गाडीत धूळ, दमट हवा, सांडलेला चहा, सगळं होतं. माझा जुना थिंकपॅड टी ४७० आहे, राजारामपुरीतून सेकंडहँड घेतलेला. त्यात एक बॅटरी आत आणि एक बाहेरून काढता येणारी, त्यामुळे मशीन चालू असतानाच बाहेरची बदलता येते. विंडोज ११ या पिढीच्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. त्यामुळे अशी धडधाकट मशीनं कंपन्या काढून टाकतात आणि आपल्याला स्वस्तात मिळतात. त्यावर डेबियन हा लिनक्सचा प्रकार टाकला की मजेत चालतं. यूएसबी-सीने चार्ज होतं, पण गाडीतला चार्जर २० व्होल्ट देणारा पाहिजे, नाहीतर फोन चार्ज होतो आणि लॅपटॉप ढिम्म. हे दुकानात घेतानाच खोक्यावर वाचून घ्या.

त्रासही सांगतो, नाहीतर जाहिरात केल्यासारखं होईल. नवा लॅपटॉप झाकण मिटवून बॅगेत टाकला तर कधी कधी नीट झोपत नाही, काही मशीनं बॅगेत गरम होतात आणि मुक्कामाला पोचेपर्यंत बॅटरी संपलेली असते. सरळ शटडाउन करा. लॉजच्या वायफायचं लॉगिनचं पान कधी कधी उघडत नाही, मग फोनचा हॉटस्पॉट. एखाद्याला प्रवासातही ऑफिसचं ठराविक सॉफ्टवेअर लागतं आणि ते लिनक्सवर नसतं, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. आणि निघायच्या आदल्या रात्री सिस्टिम अपडेट अजिबात करायची नाही. आल्यावर करा, ती कुठे पळून जात नाही.

तुम्हाला स्वतःला करून बघायचं असेल तर पहिल्या फेरीला लॅपटॉप नेऊच नका. ऑरगॅनिक मॅप्समध्ये महाराष्ट्र उतरवून घ्या, ट्रॅक नोंदवत जा, गावाचं नाव चुकलेलं किंवा रस्ता नसलेला दिसला तर वहीत टिपून ठेवा. घरी आल्यावर कुठल्याही ब्राउझरमधून खातं उघडून ते नकाशात घालता येतं. त्यात गोडी वाटली तर पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट घ्या. विंडोज न पुसता त्यावरून मशीन चालू करून बघता येतं, वायफाय आणि आवाज चालतोय का तेवढं तपासा. डेबियन की मिंट की फेडोरा, या वादात सुरुवातीला पडू नका. त्या वादाला तुमचा मित्र आहेच, घाट संपेपर्यंत बोलेल.