दाराशी आलेली उंच मुले

वाचकांचे प्रश्न : सण, शेजार आणि मुले

प्रश्न : आम्ही छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागातील एका गृहनिर्माण संस्थेत राहतो. काही वर्षांपासून येथील मुले ३१ ऑक्टोबरला हॅलोविनच्या निमित्ताने भुताखेतांचे वेष करून दारोदार फिरतात आणि चॉकलेट मागतात. सुरुवातीला ही पहिली-दुसरीतली लेकरे होती, तेव्हा सर्वांना कौतुक वाटले. आता तीच मुले तेरा-चौदा वर्षांची झाली आहेत आणि काहींना मिसरूडही फुटले आहे. गेल्या वर्षी रात्री दहाच्या सुमारास त्यांचा घोळका एका वृद्ध दाम्पत्याच्या दाराशी बराच वेळ बेल वाजवत उभा राहिला आणि त्यावरून मोठी वादावादी झाली. आता कार्यकारिणीपुढे असा प्रस्ताव आहे की बारा वर्षांवरील मुलांनी घरोघर फिरू नये. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे आणि तिने महिनाभर आधीच जुन्या साड्यांतून आपला पोशाख शिवायला घेतला आहे. बैठकीत मी कोणती भूमिका घ्यावी?
— एक आई, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : प्रस्तावाच्या विरोधात मत द्यावे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे, मात्र रात्री दहा वाजता बेल वाजवत राहणाऱ्या घोळक्याची बाजू घ्यावी, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कार्यकारिणीने दोन निराळ्या गोष्टी एकाच ठरावात गुंफल्या आहेत. वृद्ध दाम्पत्याला जो त्रास झाला तो अवेळी येण्याचा, संख्येचा आणि हटून बसण्याचा होता. हेच वर्तन दहा वर्षांच्या मुलांनी केले असते तरी ते तितकेच चुकीचे ठरले असते, आणि सायंकाळी सात वाजता दोन-तीन उंच मुलांनी एकदाच बेल वाजवून नमस्कार केला असता, तर तक्रारीचे काही कारण उरले नसते.

या प्रथेचा इतिहासही बैठकीत सांगण्यासारखा आहे. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये १ नोव्हेंबर या सर्व संतांच्या दिवसाच्या आदल्या सायंकाळी वेष पालटून घरोघर जाण्याची जुनी रूढी होती. वेषधारी मंडळी दाराशी गाणे, कविता किंवा नक्कल सादर करीत आणि मग त्यांना फळे, खाऊ किंवा नाणी मिळत. स्थलांतरितांबरोबर ही रूढी उत्तर अमेरिकेत गेली, पण तेथे विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत त्या रात्रीचा ताबा मिसरूड फुटलेल्या पोरांनीच घेतला होता. कुंपणाची फाटके उचलून नेणे, खिडक्यांच्या काचांना साबण फासणे आणि पुढे मंदीच्या काळात सरळसरळ मोडतोड करणे, असा त्यांचा उद्योग असे. त्याला आळा घालण्यासाठी अनेक गावांतील नागरिकांनी, शाळांनी आणि सेवाभावी मंडळांनी त्या रात्री मेजवान्या, मिरवणुका आणि घरोघरच्या खाऊची व्यवस्था केली. दुसऱ्या महायुद्धात साखरेवर नियंत्रण आल्यामुळे खाऊ मागण्याला खीळ बसली. १९४७ मध्ये अमेरिकेतील हे नियंत्रण उठल्यावर नव्या उपनगरांमध्ये प्रथा जोमाने पसरली आणि तिला आज आपण पाहतो ते बालसुलभ रूप आले. सारांश असा की वयात येणाऱ्या मुलांची ऊर्जा वळवण्यासाठी ज्या खाऊचा उपयोग झाला, त्याच वयाच्या मुलांना तो नाकारावा असे आपली कार्यकारिणी सुचवीत आहे. त्यांना दाराशी येऊ दिले नाही, तर ती मुले त्या सायंकाळी काय करतील, याचे उत्तर प्रस्ताव मांडणाऱ्यांनी द्यायला हवे.

वयाची अट घालण्याचे प्रयोग अमेरिकेतही झाले आहेत. व्हर्जिनिया राज्यातील चेसापीक शहराने १९७० मध्ये बारा वर्षांवरील मुलांना असे फिरण्यास मनाई केली आणि त्यासाठी दंडाबरोबर सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद ठेवली. त्या कायद्याची देशभर थट्टा झाल्यावर २०१९ मध्ये शहराने मर्यादा चौदा वर्षांवर नेली आणि कैदेची तरतूद काढून टाकली. कॅनडातील बॅथर्स्ट या गावानेही २०१७ मध्ये आपली मर्यादा चौदावरून सोळावर नेली. दोन्ही ठिकाणी प्रवास सैल होण्याच्या दिशेने झाला आहे, कारण दाराशी उभ्या असलेल्या मुखवट्याचे वय विचारणार कोण आणि पुरावा मागणार कोणता? अकराव्या वर्षी साडेपाच फूट झालेला मुलगा प्रत्येक दारी अपमानित होईल आणि चौदा वर्षांची चणीने लहान मुलगी सहज सुटून जाईल. शरीराने सतरा वर्षांच्या, पण समजुतीने सात-आठ वर्षांच्या असलेल्या मुलांचे काय करायचे, याचा तर अशा ठरावांत कधी विचारच झालेला नसतो. आपल्या चार इमारतींत असे एखादे मूल असेल, तर या ठरावाने सर्वांत आधी त्याला घरी बसवले जाईल.

आता मुलीविषयी थोडे अधिक सांगतो, कारण आपल्या पत्रातील खरा मुद्दा आम्हाला तेथे दिसतो. आपल्या मराठवाड्यात ‘आता तू मोठी झालीस’ हे वाक्य मुलीला मुलाच्या कितीतरी आधी ऐकावे लागते. पंधरा-सोळा वर्षांचे मुलगे गणपतीची वर्गणी मागत गल्लोगल्ली फिरतात, होळीसाठी गोवऱ्या आणि लाकडे मागतात, कोणी दिली नाहीत तर रात्रीतून पळवतातही, आणि त्यांना कोणी वय विचारीत नाही. त्यांच्याच वयाची बहीण संध्याकाळी मैत्रिणींबरोबर चार जिने चढली तर मात्र घरात चर्चा होते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड आणि परभणी जिल्ह्यांतील वीस ते चोवीस वयोगटातील चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाल्याचे आढळले आहे. ज्या प्रदेशात मुलींचे बालपण इतके आखूड आहे, तेथे ते आणखी एका ठरावाने तोकडे करण्याची घाई आपण का करावी? बारा वर्षांची अट कागदावर सर्वांना सारखी दिसेल. प्रत्यक्षात मुलगे वर्गणीच्या पावतीपुस्तकासह पुन्हा दाराशी येतील आणि मुली येणार नाहीत. आपल्या मुलीने पोशाख स्वतः शिवला आहे, ही बाब आम्हाला फार मोलाची वाटते. बाजारातून आणलेला मुखवटा चढवून चॉकलेट गोळा करणाऱ्या सहा वर्षांच्या मुलापेक्षा तिचा या सणाशी अधिक संबंध आहे.

विरोध करताना पर्यायी नियम मात्र हाती असावेत, नाही तर बैठक निष्फळ होईल. फिरण्याची वेळ सायंकाळी सहा ते साडेआठ अशी ठरवावी. एका गटात पाच-सहांहून अधिक मुले नसावीत, बेल एकदाच वाजवावी आणि दार उघडले नाही तर पुढे जावे. कोणत्या घरांना मुलांचे येणे चालेल, हे आधीच समजले पाहिजे. अमेरिकेत दारावरचा दिवा लागलेला असला म्हणजे यावे आणि मालवलेला असला म्हणजे येऊ नये असा संकेत आहे. आपल्याकडे तो चालणार नाही, कारण ३१ ऑक्टोबर कधी दिवाळीच्या तोंडावर, तर कधी दिवाळीतच येतो. २०२४ मध्ये तो नेमका नरक चतुर्दशीला आला होता आणि तेव्हा घरोघर आकाशकंदील लागलेले होते. त्यामुळे ज्यांची इच्छा असेल त्यांनी दारावर रंगीत कागद लावावा, हे सोपे पडेल. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ज्या घरात वर्षभरात कोणी गेले असेल, तेथे पांढरी चादर पांघरलेले भूत दाराशी उभे राहणे ही गंमत राहत नाही. दुखवटा असलेली घरे लहान मुलांच्या लक्षात येत नाहीत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना ती सांगितली तर ती नक्की टाळतात आणि बरोबरच्या लहानांनाही टाळायला लावतात. त्यासाठी प्रत्येक गटात एक मोठे मूल असावे, असा नियम केला तर ठरावाची दिशाच उलटी होईल, आणि ती तशी व्हावी असे आम्हाला वाटते.

प्रश्न : माझा मुलगा कुटुंबासह अमेरिकेत टेक्सासमध्ये राहतो. नातू सोळा वर्षांचा आहे आणि यंदाही मित्रांबरोबर ‘ट्रिक ऑर ट्रीट’ला जाणार म्हणतो. सून म्हणते, जाऊ द्या, एवढे-तेवढे लहानपण उरले आहे. मुलगा म्हणतो, इतक्या मोठ्या पोराने दारोदार मागणे ही भीक आहे, शिवाय तेथे चॉकलेटांत विष घालतात असे त्याने ऐकले आहे. दोघेही मला फोनवर निवाडा करायला सांगतात. मी काय सांगू?
— एक आजी, उदगीर

उत्तर : आजी, निवाडा सुनेच्या बाजूने द्यावा. मागणे म्हणजे भीक, हे आपल्या मुलाचे म्हणणे मराठवाड्याच्या लेकराला शोभत नाही. तुळजाभवानीच्या नावाने परडी घेऊन पाच घरी जोगवा मागणाऱ्या बायका आपण पाहिलेल्या आहेत. त्यांत सधन घरच्याही असतात आणि त्यांना कोणी भिकारीण म्हणत नाही. दिवाळीत गाई-म्हशींना ओवाळण्याची गाणी म्हणत दिवटी घेऊन दाराशी येणारे गुराखी काही पाच वर्षांचे नसत, आणि घरधनीण त्यांच्या दिवटीत तेल व हातावर खाऊ किंवा पैसे घालताना त्यांचे वय मोजत नसे. ज्या मागण्याला ठरलेला दिवस आहे, वेष आहे आणि शेजाऱ्याची संमती आहे, ते मागणे सणाचा भाग असते. तरीही मुलाच्या मनाला टोचत असेल, तर त्याला सांगावे की १९५० पासून अमेरिकेतील मुले याच रात्री युनिसेफसाठी डब्यांत नाणी गोळा करीत आली आहेत. सोळा वर्षांच्या मुलाला असे काम जमते आणि त्यात त्याला कमीपणाही वाटत नाही.

विषाच्या गोष्टीबद्दल सांगायचे तर अनोळखी माणसाने येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांना विषारी खाऊ वाटल्याच्या बातम्यांचा जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने अनेक वर्षे माग काढला आणि त्यांतील जवळजवळ सर्व अफवा किंवा बनाव असल्याचे दाखवून दिले. १९७४ मध्ये टेक्सासमध्येच एका मुलाचा विषाने मृत्यू झाला होता खरा, पण ते विष विम्याच्या पैशांसाठी त्याच्या सख्ख्या बापाने घातले होते. आपल्या मुलाची काळजी अनाठायी आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही; ती फक्त चुकीच्या जागी आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४२ वर्षांच्या नोंदी तपासल्या असता, त्या रात्री अमेरिकेतील रस्त्यांवर पादचारी मृत्युमुखी पडण्याचा धोका आसपासच्या इतर दिवसांपेक्षा ४३ टक्क्यांनी अधिक असल्याचे दिसले. काळा पोशाख, चेहऱ्यावर मुखवटा आणि गाडी चालवणाऱ्यांची घाई, हे तेथील खरे संकट आहे. नातवाने गाडीतून मित्रांना घेऊन भटकू नये, पायी फिरावे, मुखवट्याऐवजी चेहरा रंगवावा आणि अंगावर काहीतरी चमकणारे असू द्यावे, एवढ्या अटी घालून त्याला आनंदाने पाठवावे.

प्रश्न : मी पंधरा वर्षांचा आहे. आई म्हणते, सात वर्षांच्या बहिणीबरोबर घरोघर जा, पण तू काही मागू नकोस. मित्र म्हणतात, बहिणीची पिशवी धरून फिरणे लाजिरवाणे आहे. एका काकूंनी मागच्या वेळी मला ‘घोडा झालास आणि चॉकलेट मागतोस’ असे म्हटले. मी जावे की नाही?
— एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : जा, आणि वेष करून जा. साध्या शर्टात पिशवी धरून उभा राहशील तर तू पहारेकरी दिसशील आणि मित्रांच्या चेष्टेला निमित्त मिळेल. बहीण चेटकीण होणार असेल तर तिचे काळे मांजर हो किंवा तिने ताब्यात ठेवलेला राक्षस हो. दाराशी दोघांनी मिळून चार ओळींची नक्कल केलीत, तर आयर्लंडमधली मूळ रीतही पाळल्यासारखे होईल. आईची अट आम्हाला अर्धीच मान्य आहे. स्वतःहून मागू नये हे ठीक, पण कोणी प्रेमाने पुढे केले तर नाही म्हणू नये. एक घ्यावे, मूठ भरू नये, आणि बहिणीच्या पिशवीतले तिला न विचारता खाऊ नये. त्या काकूंनी पुन्हा तसेच म्हटले, तर ‘हो काकू, पण हिला एकटीला कसे पाठवू?’ असे हसून म्हणावे आणि पुढच्या जिन्याला लागावे.

तुझ्या पत्रात जे लिहिलेले नाही त्याबद्दल एक सूचना : बहिणीला जिने चढून थकवा आला आणि तिला घरी जावेसे वाटले, तर तुझ्या दृष्टीने फेरी अर्धीच झालेली असली तरी तेव्हाच परतावे.

(पत्रे संक्षिप्त केली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.)