आधी खेळणार, मग मुलं घडवणार

प्रश्न : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे, जेईईचा क्लासही लावलाय. शालेय स्पर्धांत राज्य पातळीपर्यंत बास्केटबॉल खेळली आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये दक्षिण सुदानचा संघ पाहिल्यापासून, तो संघ उभा करणाऱ्या लुओल डेंग या माजी खेळाडूचं वेड लागलंय. ‘आधी खेळणार, मग त्याच्यासारखीच मीही मुलं घडवणार’ म्हणते. ह्यांचं म्हणणं, ही समाजसेवा झाली, यात पोट कसं भरणार? — एक आई, नाशिक

उत्तर : ताई, डेंगचा प्रवास नीट पाहिला तर तुमचं निम्मं उत्तर त्यातच सापडेल. सुदानमधल्या यादवीमुळे त्याचं कुटुंब इजिप्तला गेलं. तिथे मनुट बोल या साडेसात फुटांहून उंच सुदानी खेळाडूने त्याला या खेळाची गोडी लावली. पुढे लंडनमध्ये आश्रय मिळाला आणि ब्रिक्स्टन टॉपकॅट्स क्लबात जिमी रॉजर्स हे प्रशिक्षक भेटले. चौदाव्या वर्षी अमेरिकेतली शाळा, ड्यूक विद्यापीठात एक वर्ष, 2004 मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सातवा क्रमांक. शिकागो बुल्सकडून जवळपास दहा हंगाम, दोनदा ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात स्थान. 2019 मध्ये निवृत्त झाला आणि त्याच वर्षी दक्षिण सुदानच्या बास्केटबॉल महासंघाचा अध्यक्ष झाला. देशात तेव्हा धड इनडोअर कोर्ट नव्हतं, खर्च बराचसा स्वतःच्या खिशातून. तरी 2024 मध्ये तो संघ ऑलिंपिकला गेला आणि पहिल्याच सामन्यात पोर्तो रिकोला 90-79 असं हरवलं.

तुमच्या यजमानांची शंका इथेच येते, आणि ती रास्त आहे. डेंगचा खिसा एनबीएने भरलेला होता. लेकर्स या एनबीए संघाशी 2016 मध्ये झालेला त्याचा एक करारच 7.2 कोटी डॉलरचा. आपल्याकडे 2015 ला सुरू झालेली यूबीए ही बास्केटबॉल लीग काही हंगामांतच बंद पडली. त्यामुळे ‘आधी भरपूर कमावू, मग घडवू’ हा हिशेब इथे जुळणार नाही.

म्हणून मी तिला सांगेन, डेंगपेक्षा जिमी रॉजर्सकडे बघ. एनबीएचा तारा नसलेला हा माणूस लंडनच्या एका वस्तीत पोरं जमवून वर्षानुवर्षं खेळ शिकवत राहिला. डेंग त्यांच्याच हाताखालून गेला. हे काम आपल्याकडेही करता येतं. मात्र ते शिकावं लागतं, नुसतं खेळता येऊन भागत नाही.

आता व्यवहार. जेईईचा क्लास आणि दोन वेळचा सराव दोन्ही धरलं की दोन्ही अर्धवट राहतं. क्लास सोडा, बारावी मुळीच सोडू नका. पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षक पदविका किंवा बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी करायची तर आधी साधारणपणे एक पदवी लागते. एनआयएसच्या प्रवेशात खेळातली कामगिरीही पाहतात, म्हणजे पुढची चार-पाच वर्षं खेळणं त्याच कामी येतं. रेल्वेत खेळाडूंची भरती होते, आणि राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेच्या महिला संघाचा दबदबा आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. तिथे क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी होते आणि अनेकजण त्यातच अडकतात. तेव्हा स्पर्धेला जाण्याआधी आयोजक संघटनेला मान्यता आहे का ते विचारा, मूळ प्रमाणपत्रं फाइलला लावून ठेवा. जागा थोड्या असतात. खासगी शाळा-क्लबांत सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो, तोही बऱ्याचदा कंत्राटी. हे तिला आजच सांगा.

शेवटी एक काम. मे महिन्याच्या सुट्टीत तिच्या सरांशी बोलून दहा-बारा वर्षांच्या मुलांची सकाळची बॅच तिला सांभाळायला द्या. ज्यांच्या हातात चेंडू टिकत नाही अशी मुलं, रुसणारी, रडणारी, शिवाय कठड्यावर बसून सूचना करणारे पालक, सगळं येऊ द्या. महिनाभराने ‘मजा आली का’ असं विचारू नका. बॅचमधलं सगळ्यांत कच्चं मूल कोणतं आणि त्याचं नेमकं काय सुधारलं, ते विचारा. तिला ते नीट सांगता आलं, तर यजमानांना घेऊन मला भेटायला या. बोलण्यासारखं बरंच असेल.