एकाच सिनेमाच्या दोन ब्लू-रे इतक्या वेगळ्या का दिसतात? मास्टरिंगच्या वेळी कोणी तपासत नाही का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे एकाच इंग्रजी सिनेमाच्या दोन ब्लू-रे आहेत. दोन्हींच्या पाठीवर १०८०पी छापलंय, बिटरेटही (सेकंदाला किती डेटा खर्च होतो तो आकडा) जवळपास सारखा. तरी एकीत माणसांचे चेहरे मेणाचे वाटतात आणि दुसरीत कातडीवरची रंध्रंसुद्धा दिसतात. मग कोणी तपासत नाही का, असा तुमचा प्रश्न आहे.

तपासतात. मी मुंबईत पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये बरीच वर्षं हेच काम केलंय. तुमची ती मेणचट डिस्कसुद्धा बहुधा क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, पास होऊनच बाहेर पडली असेल. डिस्कचं क्यूसी करणाऱ्याला चित्र चांगलं आहे का असं सहसा कोणी विचारत नाही. हाती आलेला मास्टर (ज्यावरून डिस्क बनते ती सिनेमाची तयार प्रत) आणि डिस्कवर जाणारं चित्र यांत काही बिघडलंय का, एवढंच त्याला पाहायचं असतं. मास्टरच धुवट असला तर तो धुवटपणा इमानेइतबारे डिस्कवर उतरतो आणि रिपोर्टवर पास लिहिलं जातं.

काम कसं चालतं ते सांगतो. खोली अंधारी, भिंती राखाडी, समोर कॅलिब्रेट केलेला रेफरन्स मॉनिटर, बाजूला वेव्हफॉर्म, म्हणजे चित्राच्या उजेडाचा आलेख. सिनेमा पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत मूळ वेगाने बघायचा, पळवायचा नाही. दोष दिसला की टाइमकोड, पडद्यावरची जागा, किती फ्रेम टिकला आणि किती गंभीर, हे सगळं नोंदवायचं. या तक्त्यातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना असतो दोष मास्टरमध्येच आहे की आपल्याकडे आला, याचा. दुसऱ्या प्रकारचा दोष सुधारावाच लागतो. पहिल्या प्रकारचा असेल तर रिपोर्ट हक्कदाराकडे जातो आणि तिथून बरेचदा एवढंच उत्तर येतं की आहे तसं जाऊ द्या. नवा स्कॅन करायचा तर मूळ निगेटिव्ह शोधायची, साफ करायची, पुन्हा ग्रेडिंग करायचं, म्हणजे प्रत्येक शॉटचे रंग जुळवायचे. त्याचा खर्च डिस्क छापण्याच्या खर्चापुढे फार मोठा असतो. जुना मास्टर मात्र कपाटात तयार पडलेला असतो.

आता बिटरेटचं बोलू, कारण खरेदी करणारे सगळ्यात जास्त त्याच्याच मागे लागतात. १९२० गुणिले १०८० पिक्सेल, सेकंदाला २४ फ्रेम, ब्लू-रेचं ८ बिटचं ४:२:० (रंगाचा तपशील कमी ठेवलेलं) चित्र. हे कॉम्प्रेशनशिवाय ठेवायचं म्हटलं तर सेकंदाला सुमारे ६०० मेगाबिट लागतात. ब्लू-रेवर चित्राला मिळतात जास्तीत जास्त ४०. म्हणजे उत्तमातल्या उत्तम डिस्कवरही पंधरातले चौदा भाग टाकून दिलेले असतात. काय टाकायचं हे एन्कोडर, म्हणजे कॉम्प्रेशन करणारं सॉफ्टवेअर, ठरवतो आणि तो कुठे चुकतोय हे माणूस बघतो. धूर, धुकं, पाणी, कॅमेऱ्यांचे फ्लॅश, हळूहळू काळोखात विरणारा शॉट या ठरलेल्या अडचणीच्या जागा. तिथे चौकोन दिसायला लागले, आकाशात रंगाचे पट्टे पडले, तर तेवढाच तुकडा जास्त बिट देऊन पुन्हा एन्कोड करतात. कॉम्प्रेशन करणाऱ्याचं खरं कसब इथे दिसतं.

आपल्या सिनेमांना लांबीचा त्रास असतो. एका थराच्या डिस्कमध्ये २५ जीबी मावतात. तीन तासांचा सिनेमा त्यात कोंबला तर सेकंदाला जेमतेम साडेअठरा मेगाबिट हाती येतात. त्यातूनच आवाज, सबटायटल आणि मेनू भागवायचे. ५० जीबीच्या डिस्कवर हाच आकडा सदतीसपर्यंत जातो. त्यामुळे लांब हिंदी सिनेमाची डिस्क एका थराची असेल तर मी ती घेताना विचार करतो. तुमच्या बाबतीत मात्र दोन्हींचा बिटरेट सारखा आहे, म्हणजे कारण वेगळीकडे शोधायला हवं.

ते कारण म्हणजे ग्रेन. फिल्मवरचं चित्र मुळात चांदीच्या क्षारांच्या बारीक कणांमधून तयार होतं आणि प्रत्येक फ्रेममध्ये त्यांची रचना बदलते. डोळ्याला जो सूक्ष्म तपशील जाणवतो, तो या हलत्या कणांमध्येच असतो. एन्कोडरच्या दृष्टीने मात्र हे सगळ्यात महाग प्रकरण, कारण पुढच्या फ्रेममध्ये काय येईल याचा अंदाजच बांधता येत नाही. शिवाय काही ग्राहकांना ग्रेन म्हणजे घाण वाटते. मग डिजिटल नॉइज रिडक्शन लावून ते पुसलं जातं आणि त्याबरोबर रंध्रं, कापडाचा पोत, केसांच्या बटा असं सगळंच जातं. चित्र मऊ पडलं की कडा धारदार करायचं फिल्टर लावतात. त्याने माणसाभोवती पांढरी रेघ उमटते, पण गेलेला तपशील परत येत नाही. २०१० साली आलेल्या 'प्रिडेटर'च्या ब्लू-रेवरचे चेहरे याच कारणाने मेणाचे झाले होते.

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण २००९ साली आलेल्या 'ग्लॅडिएटर'च्या ब्लू-रेचं. त्या ब्लू-रेसाठी डीव्हीडीच्या काळातला जुना मास्टर वापरला होता. सुरुवातीच्या लढाईत जळते बाण आकाशातून जातात. धूळ काढणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यातल्या काही बाणांना फिल्मवरचा कचरा समजून पुसून टाकलं. त्याच डिस्कवर विस्तारित आवृत्तीतले जादा प्रसंग नव्या स्कॅनवरून आले होते आणि ते उरलेल्या सिनेमापेक्षा उघड चांगले दिसत. डिस्क तीच, कोडेक (कॉम्प्रेशनची पद्धत) तोच. बदलला होता फक्त मास्टर. लोकांनी ओरड केली आणि २०१० मध्ये नवी डिस्क निघाली.

असे दोष सॉफ्टवेअरवर सोडून चालत नाहीत. ऑटोमॅटिक क्यूसी काळ्या फ्रेम पकडतं, गोठलेलं चित्र पकडतं, लेव्हल (काळ्या-पांढऱ्याची पातळी) हद्दीबाहेर गेली तर सांगतं, आवाजाची फेज उलटी असेल तर ओरडतं. पण ग्रेन पुसलेलं चित्र त्याला निर्दोष वाटतं. बाण कुठे गेले हे माणसाच्याच लक्षात येतं, तेही त्या माणसाने तो सिनेमा पूर्वी प्रिंटवर पाहिला असेल तर. क्यूसीला बसणाऱ्याला सिनेमाची आवड हवी असं मी आग्रहाने म्हणतो ते यासाठी.

कधी कधी माणूसही हतबल असतो. 'द फ्रेंच कनेक्शन'च्या २००९ च्या ब्लू-रेचे रंग खुद्द दिग्दर्शक विल्यम फ्रिडकिन यांनी बदलून घेतले होते. छायाचित्रकार ओवेन रॉइझमन यांनी त्यावर जाहीरपणे कडक टीका केली. २०१२ मध्ये पुन्हा रंग लावून नवी आवृत्ती आली. पण २००९ मध्ये क्यूसीवाल्याने काय लिहायचं होतं? दिग्दर्शकाची सही असलेला मास्टर म्हणजे त्याच्यासाठी शेवटचा शब्द.

निव्वळ तपासणीतून निसटलेले दोषही असतात. २०१० मध्ये 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'च्या ब्लू-रे आवाज आणि चित्र जुळत नसल्यामुळे बाजारातून परत मागवाव्या लागल्या. अशा दोषाला मात्र सबब नाही. डिस्क छापायला जाण्याआधी चेक डिस्क वेगवेगळ्या प्लेअरवर लावून पाहायची असते. ओठांची हालचाल, मागच्या स्पीकरची डावी-उजवी बाजू, परभाषेतल्या संवादापुरतं आपोआप येणारं सबटायटल, एका थरावरून दुसऱ्या थरावर जाताना चित्र अडखळतंय का, हे सगळं तिथे बघायचं असतं.

आपल्याकडच्या जुन्या सिनेमांच्या डिस्कवर मला आणखी दोन गोष्टी खुपतात. एक, लेव्हल. व्हिडिओत ० ते २५५ च्या मापावर काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. वाटेत कोणी हे रूपांतर दोनदा केलं की काळा राखाडी होतो आणि रात्रीचा प्रसंग धुरकट दिसतो. दुसरी, वेग. टीव्हीसाठी केलेला मास्टर सेकंदाला २५ फ्रेमचा असतो, सिनेमा २४ चा. तोच मास्टर डिस्कवर गेला तर तीन तासांचा सिनेमा ७ मिनिटं १२ सेकंद आधी संपतो. स्वरही चढतो. पांढरी एकमधलं गाणं पांढरी एक आणि काळी एक यांच्या मध्येच लटकतं. ज्या गाण्यांवर आपला जीव आहे ती अशी ऐकावी लागणं मला सहन होत नाही.

याच्या उलट टोकाला सत्यजित राय यांचे अपूच्या गोष्टीचे तीन चित्रपट. मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधल्या प्रयोगशाळेच्या आगीत होरपळल्या. पुढे बोलोन्यात त्यांची फिल्म हाताने दुरुस्त करून स्कॅन केली गेली. 'पथेर पांचाली'चा सुमारे ४० टक्के भाग त्या मूळ निगेटिव्हवरून घेता आला, बाकीचा इतर प्रतींवरून. २०१५ मध्ये त्यांची ब्लू-रे आली. मूळ ज्या प्रतीवरून घेतलंय त्याप्रमाणे पोत कुठे कुठे बदलतो, आणि तो पुसून सरसकट गुळगुळीत केलेला नाही. पुनरुज्जीवन असं असावं.

आता तुमच्या दोन डिस्क. आधी टीव्हीवरचं शार्पनेस, नॉइज रिडक्शन आणि मोशन स्मूदिंग बंद करा. फिल्ममेकर मोड असेल तर तोच लावा. नाहीतर डिस्कचा दोष कुठला आणि टीव्हीचा कुठला हे कळणारच नाही. मग एखादा संथ क्लोजअप चालू असताना बघा, पॉज करून नको. चेहरा हलतो तेव्हा कातडीचा पोत त्याच्याबरोबर हलतो का? की चेहरा हलताना गुळगुळीत आणि थांबला की अचानक तपशील येतो? दुसरं घडत असेल तर नॉइज रिडक्शन नक्की. काळ्या कोटाची कड उजळ आकाशासमोर बघा, पांढरी रेघ दिसली तर शार्पनिंग. इंटरनेटवरच्या स्क्रीनशॉटवर फार विसंबू नका. एकाच सेकंदातल्या दोन फ्रेमना एन्कोडर वेगवेगळे बिट देतो, त्यामुळे नेमकी तीच फ्रेम घेऊनही तुलना फसू शकते.

नवीन घेताना पाठीवर मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून नवा ४के स्कॅन असं स्पष्ट लिहिलंय का ते वाचा. नुसतं रीमास्टर्ड या शब्दाला मी किंमत देत नाही, कारण जुन्याच मास्टरवर फिल्टर फिरवूनही तो छापता येतो. तुमच्या दोन्ही डिस्कची प्रकाशनवर्षं टिप्पणीत लिहा. मधल्या काळात त्या सिनेमाचा नवा स्कॅन झाला होता का, हे त्यावरून सांगता येईल.